किल्ल्यांचा जुडगा आणि सातबारा

घरंदाज वाड्यातील करारी वृद्धा विनोदी नाटकात रंगमंचावर आली की प्रेक्षागृह हसण्यासाठी आधीच सरसावून बसते. तिची जरब, कुळाचा तोरा आणि मुलामुलींची लग्ने आपल्याच मुठीत ठेवण्याचा हट्ट यांवर दोन-अडीच तास हशा पिकतो. अखेरीस तिची फजिती होते, तरुण जोडपी सुखी होतात आणि प्रेक्षक एक जुने सुभाषित पदरात बांधून घरी जातो : बाईच बाईची वैरीण. हे सुभाषित असत्य आहे. ते सोयीचे आहे म्हणूनच इतका काळ टिकले. घराच्या मालकाला त्यामुळे नेपथ्यामागे निवांत बसता येते.

या वृद्धेचा जगप्रसिद्ध नमुना म्हणजे ऑस्कर वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या नाटकातील लेडी ब्रॅक्नेल. 1895 साली लंडनच्या रंगभूमीवर अवतरलेली ही उमरावीण मुलीला मागणी घालणाऱ्या तरुणाची वही-पेन्सिल घेऊन उलटतपासणी करते. उत्पन्न किती, ते जमिनीचे की गुंतवणुकीचे, लंडनमधले घर कोणत्या वस्तीत, आईबाप कोण, हे तिचे प्रश्न. तान्हेपणी तो रेल्वे स्थानकावरील एका हातपिशवीत सापडला होता, हे कळताच ती संबंध मोडीत काढते. मात्र भाच्याने निवडलेल्या मुलीच्या नावावर एक लाख तीस हजार पौंड आहेत, हे ऐकताच निघालेली बाई पुन्हा खुर्चीवर बसते. आपण स्वतः लग्नाच्या वेळी निर्धन होतो, याची कबुलीही तीच देते. म्हणजे जी केवळ विवाहाच्या दारातून या वर्गात शिरली, तिलाच त्या दारावर पहारेकरी म्हणून उभे केले गेले आहे. पहारेकऱ्याचा आवाज नेहमीच मालकापेक्षा मोठा असतो. पण म्हणून वाडा त्याच्या मालकीचा होत नाही.

वाइल्डच्या नाटकानंतर चारच वर्षांनी, 1899 साली, विवाहाच्या याच बाजारावर मराठीत ‘शारदा’ आले. ते लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ उभे केले, त्याच भूमीतला हा नाटककार. देवलांनी अपराधी नेमका ओळखला. शारदेचा सौदा करतो तो तिचा बाप कांचनभट, दलाली करतो तो भद्रेश्वर दीक्षित, विकत घेऊ पाहतो तो धनाढ्य म्हातारा भुजंगनाथ. शारदेची आई त्या घरात आहे, तिला वेदनाही आहे. नाही तो केवळ अधिकार. सांगलीच्या रंगभूमीने एवढा स्पष्ट न्यायनिवाडा करून ठेवला असताना पुढच्या विनोदी नाटकांनी आरोपीच्या पिंजऱ्यात पुन्हा सासूबाईंना आणि आईसाहेबांना उभे करावे, ही प्रगती नव्हे.

खऱ्या वाड्यांचा इतिहासही देवलांच्याच बाजूने साक्ष देतो. सातारच्या गादीच्या इतिहासात महाराणी ताराबाईंइतकी कर्तबगार आणि हुकमी स्त्री दुसरी नाही. 1700 साली राजाराम महाराजांच्या निधनानंतर त्यांनी औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली, परंतु राज्य चालवले ते मुलाच्या नावाने. 1714 साली पन्हाळ्यावर राजसबाईंच्या मुलाला गादी मिळाली आणि ताराबाई कैदेत पडल्या. शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर सत्तेकडे परतायचे, तर नातू म्हणून रामराजाला पुढे करावे लागले. तो ऐकेना, तेव्हा 1750 साली त्याला सातारच्या किल्ल्यात कोंडावे लागले. मोगल फौजांना न जुमानणाऱ्या स्त्रीलाही मुलगा किंवा नातू यांच्यावाचून सत्तेचा आधार नव्हता. दोन राण्यांचे वैर त्यांच्या स्वभावातून जेवढे निघाले, त्याहून अधिक या व्यवस्थेतून निघाले.

संस्थाने 1948 साली विलीन झाली, तनखे 1971 साली बंद झाले. पण लेडी ब्रॅक्नेलची वही सातारा-सांगलीच्या बैठकांतून अद्याप उघडलेलीच आहे. बागायत किती, नोकरी कायम की कंत्राटी, भावकी कोणती, हे प्रश्न दिवाणखान्यात पुरुष विचारतात. आतल्या खोलीतली वृद्धा दागिन्यांचे बोलते, आणि दुसऱ्या दिवशी गावात नाव होते ते तिचेच. वाइल्डच्या नाटकात नायकाचे नाव हा विनोदाचा विषय होता. सातारा जिल्ह्यात 2011 साली ‘नकुशा’, ‘नकुसा’ अशा नावांच्या 285 मुलींना जाहीर समारंभात नवी नावे द्यावी लागली. सांगली जिल्ह्यातील म्हैसाळला 2017 साली गर्भपाताच्या वेळी एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि त्या तपासात पुरलेले 19 भ्रूण सापडले. अशा प्रत्येक वेळी सासूला नातू हवा होता, असे सांगितले जाते. तो तिला का हवा होता, हे कोणी विचारत नाही. ज्या घरात सुनेचे स्थान मुलगा झाल्यावर आणि सासूचे स्थान मुलगा कर्ता झाल्यावरच पक्के होते, तिथे नातवाचा हट्ट ही तिच्या म्हातारपणाची तरतूद असते.

याचा अर्थ सासूचा छळ क्षम्य ठरतो, असा नाही. हुंड्यासाठी सुनेला गांजणारी स्त्री गुन्हेगारच आहे आणि कायद्याने तिला शासन झालेच पाहिजे. परंतु मुकादमाला शिक्षा करून मळेवाल्याला मोकळे सोडणे म्हणजे न्याय नव्हे. 2005 साली कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा दिला. तरीही माहेरचा मान टिकावा म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात आणि भाऊ सातबाऱ्यावर एकटे उरतात. बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि पुरुषाच्या नावे सातबारा, ही वाटणी जोवर कायम आहे तोवर प्रत्येक पिढी नवी आईसाहेब घडवीत राहणार.

याच मातीने दुसरी वाटही दाखवली आहे. 1943 ते 1946 या काळात प्रतिसरकारने सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीच्या गावांतही, हुंडा आणि मानपान यांना फाटा देणारे ‘गांधी विवाह’ लावले. त्या लढ्यात उतरलेल्या कासेगावच्या इंदूताई पाटणकर पुढे परित्यक्ता स्त्रियांसाठी उभ्या राहिल्या. रेशनकार्ड, घर आणि जमीन बाईच्या स्वतःच्या नावावर हवी, ही त्या चळवळीची मागणी होती. दारावर पहारा न देता दार उघडणारी अशी वृद्धा मराठी नाटककारांना क्वचितच दिसावी, याचे नवल वाटते.

आईसाहेबांवर जरूर हसावे. तथापि हसून झाल्यावर त्यांच्या मागची ती रिकामी भासणारी खुर्ची नीट न्याहाळावी. तिच्यात कोणी तरी बसलेले आहे.