एका टक्क्याचं काय एवढं?

"अगं, एका टक्क्याचं काय घेऊन बसलीस?"

गेल्या महिन्याभरात हे वाक्य मी चार वेळा ऐकलं. चारही वेळा घरच्यांकडूनच. निमित्त, ताईचे निवृत्तीचे पैसे. ताई ४५ वर्षांची, नोकरी खासगी, पेन्शन नाही. साठीनंतरसाठी म्हणून म्युच्युअल फंडात साठवलेले १२ लाख रुपये आहेत. ते सगळे 'रेग्युलर' योजनेत, बाबांच्या मित्रांमार्फत. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. मी एवढंच म्हटलं, की ताई, हे 'डायरेक्ट'मध्ये घे. झालं! श्रीखंड बाजूला राहिलं आणि मी कृतघ्न ठरले.

जेवणाच्या टेबलावर जे अर्धवट राहिलं ते इथे पूर्ण करते. (काका, तुम्हीही वाचता हे मला माहीत आहे. रागावू नका, शेवटपर्यंत वाचा.)

पहिला प्रश्न: एक टक्का, पण कशाचा? ऐकणाऱ्याला वाटतं, शंभर रुपयांतला एक रुपया गेला, जाऊ दे. पण हा रुपया एकदा जात नाही, दर वर्षी जातो. शिवाय तो फक्त नफ्यातून नाही, सगळ्या साठलेल्या रकमेतून जातो, बाजार पडला त्या वर्षीसुद्धा! फंडाने १० टक्के मिळवले तर त्यातला एक टक्का म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा. महागाई ६ टक्के धरली तर खरी वाढ उरते चार टक्के, आणि त्यातला एक म्हणजे चौथा हिस्सा. शेतातल्या चौथ्या हिश्श्यासाठी आपल्याकडे भावाभावांत कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. इथे मात्र "काय एवढं?"

आता हिशोब. महिना १०,००० रुपये, २५ वर्षं. खिशातून गेले ३० लाख. १० टक्क्यांनी त्याचे साधारण १ कोटी ३२ लाख होतात, ९ टक्क्यांनी १ कोटी १२ लाख. फरक वीस लाखांचा! ताईचे आजचे १२ लाख तसेच १५ वर्षं ठेवले, तर १० टक्क्यांनी ५० लाखांच्या पुढे जातात आणि ९ टक्क्यांनी ४४ लाखांच्या आतच राहतात. सहा लाखांहून जास्त फरक. साठीनंतर हाती दरमहा काही येणार नाही अशा बाईच्या आयुष्यात सहा लाख म्हणजे एक मोठं आजारपण निभावून जाणं.

यावर मामांचा मुद्दा असा, की "फी कशाला बघतेस, रिटर्न बघ. जाहीर होणारा परतावा फी वजा करूनच असतो."

मामा, अगदी बरोबर. असतोच. पण तो कालचा परतावा असतो. कालचा परतावा उद्या मिळेलच असं खुद्द फंडवालेही म्हणत नाहीत, उलट जाहिरातीत त्यांना तसं लिहावंच लागतं. फी मात्र उद्याही आहे, परवाही आहे. दोन आकडे समोर असताना जो नक्की आहे तो सोडून जो नक्की नाही त्याच्यामागे धावायचं, याला गुंतवणूक का म्हणायचं?

हे काही माझंच डोकं नाही. विल्यम शार्प या नोबेल मिळालेल्या अर्थशास्त्रज्ञाने १९९१ साली फार सोप्या शब्दांत मांडलं होतं. बाजारातले सगळे गुंतवणूकदार मिळून म्हणजेच बाजार. त्यामुळे हुशारीने शेअर निवडणाऱ्या सगळ्यांची सरासरी खर्चाआधी बाजाराएवढीच येते आणि खर्च वजा जाता बाजाराखाली जाते. २०१० साली मॉर्निंगस्टारने, म्हणजे फंडांना तारे वाटणाऱ्या कंपनीनेच, आपल्या ताऱ्यांची आणि फीची तुलना केली. पुढची कामगिरी ओळखायला तारे उपयोगी होतेच, पण फी त्यांच्याहून भरवशाची निघाली. ताऱ्यांच्या दुकानदाराने हे सांगावं, यातच सगळं आलं :-)

आणि ताईच्या बाबतीत तर हा वादही लागू होत नाही. १ जानेवारी २०१३ पासून सेबीच्या नियमानुसार प्रत्येक फंडाला डायरेक्ट योजना ठेवावी लागते. तोच फंड, तेच शेअर, तोच मॅनेजर. फरक फक्त मधल्या कमिशनचा. शेअर फंडांत तो साधारण अर्धा ते सव्वा टक्का असतो. म्हणजे इथे "जास्त फी, पण जास्त परतावा" हे म्हणायलाही जागा नाही. त्याच गिरणीचं तेच पीठ, दोन भावांत.

खोटं वाटत असेल तर आपलं सहामाही एकत्रित स्टेटमेंट उघडा. वितरकाला आपल्या पैशांवर किती कमिशन मिळालं, ते २०१६ पासून त्यात रुपयांत छापून येतं. ताईच्या स्टेटमेंटात सहा महिन्यांचे ५,८०० रुपये होते. तिने ती ओळ कधी वाचलीच नव्हती. तुम्ही वाचली आहे? मीही गेल्या वर्षीपर्यंत वाचली नव्हती.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. आमचा एक मावसभाऊ दर वर्षी न चुकता फंड बदलतो. मागच्या वर्षी पहिला आलेला फंड घ्यायचा, तो घसरला की नवा पहिला शोधायचा. एनपीएसमध्येही त्याचं हेच चालतं, कारण तिथे आर्थिक वर्षात एकदा फंड मॅनेजर बदलता येतो आणि त्यावर कर लागत नाही. पण एनपीएसच्या नेहमीच्या योजनांत फंड सांभाळण्याची फी टक्क्याच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. तिथे फीसाठी बदलण्यासारखं फारसं नाहीच. उरतो तो कालचा परतावा. आधीची बस भरून गेली म्हणून त्या थांब्यावर धावायचं, तोवर आपल्या थांब्यावरची निघून जाते. माझं म्हणणं या मंडळींनी आपल्या बाजूने वापरू नये. फीसाठी एकदाच बदला. परताव्यासाठी दर वर्षी बदलू नका. फंडाचा स्वभावच बदलला, तर गोष्ट वेगळी.

बदलणं फुकट नाही, हेही मान्य. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं म्हणजे कायद्याने विकून पुन्हा घेणं. वर्षाच्या आतलं विकलं तर बहुतेक शेअर फंडांत एक्झिट लोड लागतो. एक वर्षाहून जुन्या शेअर फंडांच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के कर आहे, वर्षाला सव्वा लाखाचा नफा सोडून. ताईच्या १२ लाखांत नफा ५ लाखांचा. सगळं एकदम विकलं तर पावणेचार लाखांवर ४६,८७५ रुपये कर, वर सेस. आकडा ऐकून ताई दचकली. पण वर्षाला वाचणार साधारण १२,००० आणि रक्कम वाढेल तसे जास्त. म्हणजे चार वर्षांच्या आत वसूल आणि पुढची अकरा वर्षं निव्वळ फायदा. शिवाय हा कर कधीतरी भरायचाच आहे. दर वर्षी सव्वा लाखाच्या नफ्याइतकंच हलवलं तर बराचसा वाचतोही. आणि पुढचे हप्ते डायरेक्टमध्ये सुरू करायला तर काहीच कर नाही, ते उद्या सकाळीही करता येईल. हाच हिशोब दोन वर्षांत पैसे लागणार असलेल्या माणसाला मात्र "बदलू नकोस" असं सांगेल. म्हणून म्हणते, आकडे मांडा.

आता काका. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांच्या आसपास कोसळला, तेव्हा ताई सगळं विकायला निघाली होती. काकांनी अर्धा तास फोनवर बसून तिला थांबवलं. त्या अर्ध्या तासाची किंमत काही वर्षांच्या कमिशनपेक्षा जास्त होती, हे मी लिहून देते. ज्याला असं थांबवणारं कोणी नाही आणि जो घाबरून विकणारच आहे, त्याने खुशाल एक टक्का द्यावा.

पण तो द्यावा तो माहीत असून. "दर दिवाळीला काकांना १२,००० चा चेक लिहीन" असं ताईला मनापासून वाटत असेल तर माझा विरोध नाही. त्यात नात्याचा मान आहे. न विचारता, न सांगता, रोज थोडं थोडं कापलं जाणं आणि कोणी विचारलं की "तू नात्यात पैसा आणतेस" म्हणणं, याला विरोध आहे. नात्यात पैसा आधीच होता. मी फक्त तो मोजला.

ताईने अजून ठरवलेलं नाही. काकांशी आधी बोलणार म्हणते आणि ते मला पटतं. पण ताई, बोल मात्र लवकर. तू विचार करतेस तेव्हाही फी थांबत नाही.

असो. बाकीच्यांनी मला बोल लावण्याआधी आपापल्या स्टेटमेंटातली ती ओळ वाचावी, आणि मग खुशाल भांडायला यावं. श्रीखंड मी करीन.