खोगीर दोघांच्या मापाचे

सुट्टीत माथेरानला गेलेले कुटुंब दस्तुरी नाक्यावर उतरते. पुढे गाडी नेता येत नाही. मुले घोड्यांसाठी हट्ट धरतात, घासाघीस होऊन दर ठरतो आणि वरात निघते. दोन तासांनी पायउतार होताना मुलांच्या आईची कंबर धरलेली असते. 'खोगीर फारच कडक आहे हो,' त्या म्हणतात. 'उद्या खाली आणखी एक घोंगडी टाकतो, ताई,' घोडेवाला उत्तर देतो. तक्रार ऐकली, उपाय झाला. पण ज्याच्या पाठीवर ते खोगीर दिवसभर असते, त्याला कुणी काही विचारलेले नसते.

शिवाय हा उपायच बरेचदा उलटा पडतो. आपल्याकडे निरुपयोगी भरताडाला 'खोगीरभरती' म्हणतात ते उगाच नव्हे. घट्ट बुटात दुसरा मोजा घातला तर पाय सुखावत नाही, आणखी चेपतो. अरुंद खोगिराखाली घोंगडी वाढवली की घोड्याच्या पाठीचे तेच होते. दुखणे भरतीचे नसून मापाचे असते.

खोगिराच्या आत एक ताठ सांगाडा असतो. त्याने स्वाराचे वजन घोड्याच्या कण्यावर न टाकता कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पसरवायचे असते. अमेरिकी सैन्याने 1859 मध्ये स्वीकारलेल्या मॅक्लेलन खोगिरात तर मध्यभागी लांब फटच ठेवलेली होती. कणा मोकळा राहावा, हवा खेळावी, हा हेतू. लांबच्या रपेटीत आधी घोड्याची पाठ जाते, हे घोडदळाला पक्के ठाऊक होते.

म्हणून खोगीर निवडताना सुरुवात घोड्यापासून करावी. स्वार बसल्यावरही मानेमागच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटे शिरतील इतकी जागा हवी. मागून पाहिले तर कण्यावरून आरपार उजेड दिसावा. खोगिराची पुढची कड खांद्याच्या हाडावर चढू नये, नाही तर उतारावर प्रत्येक पावलाला ती रुतते. मागची कड शेवटच्या बरगडीपलीकडे जाऊ नये. घोड्याला बरगड्यांच्या 18 जोड्या असतात. त्यांच्यामागे कमरेला तसा आधार नसतो.

सर्वांत बोलकी साक्ष घामाची. रपेटीनंतर खोगीर उतरवले की त्याखालची पाठ दोन्ही बाजूंना सारखी ओली दिसायला हवी. ओल्या पाठीवर मध्येच कोरडा डाग असेल, तर तिथे जास्त दाब पडत असल्याची शंका घ्यावी. गडद रंगाच्या घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील, तर ती बहुधा जुन्या जखमांची खूण असते.

आता स्वाराचे माप. बैठक तोकडी असेल तर स्वाराचा भार मागच्या कडेवर जातो आणि तीच कड घोड्याच्या पाठीत रुतते. बैठक फार मोठी असेल तर स्वार पुढेमागे घसरत राहतो. रिकिबीची लांबी जोखायची सोपी रीत अशी: खोगिरावर रिकिबीचा पट्टा जिथे अडकवतात तिथे बोटांची टोके टेकवावीत, हात ताठ धरावा, रिकीब काखेपर्यंत पोचावी. मग बसून थोडा फरक करून घ्यावा. मांड्या अवघडलेला स्वार नकळत एका बाजूला कलतो आणि भारही त्याच बाजूला पडतो. म्हणजे स्वाराचे सुख आणि घोड्याचे सुख वेगळे नाहीच.

वजनाचाही हिशेब आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण 20 टक्क्यांहून जास्त भार नसावा, असा ढोबळ नियम मानतात. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 25 आणि 30 टक्के भार वाहणाऱ्या घोड्यांचे स्नायू जास्त दुखावलेले आढळले. 300 किलोच्या तट्टावर या हिशेबाने 60 किलो बसतात, तेही खोगीर धरून!

कॅलिफोर्नियात 1955 पासून 'टेव्हिस कप' ही 100 मैलांची, म्हणजे सुमारे 160 किलोमीटरची, डोंगरवाटेची शर्यत होते. वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्य घोडे तपासतात आणि पुढे जाण्याजोगा नसेल त्या घोड्याला तिथेच थांबवतात. तिथे स्वार कितीही ताजातवाना असला तरी उपयोग नाही.

आपल्याकडे खोगिरांसाठी कानपूर प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्यासाठी तिथे खोगिरे बनू लागली, आज ती परदेशीही जातात. मागवताना स्वतःच्या मापाबरोबर घोड्याचेही माप द्यावे. मऊ तार उंचवट्याच्या थोडी मागे पाठीवर आडवी दाबून बसवायची आणि तो आकार कागदावर उतरवायचा. वर्षातून एक-दोनदा हे माप पुन्हा घ्यावे, कारण पावसाळ्यात विश्रांती घेऊन भरलेली पाठ उन्हाळ्यातल्या कामाने उतरते.

गरीब घोडेवाल्याला प्रत्येक घोड्यासाठी नवे खोगीर परवडत नाही, हे खरे. पण पाठ सोललेला घोडा आठवडेच्या आठवडे उभा राहिला तर तेही परवडत नाही. म्हणून पुढच्या सुट्टीत दर ठरवण्याआधी एवढेच म्हणावे, 'मामा, जरा खोगीर काढून पाठ दाखवता का?' घोड्याची निगा राखणारा माणूस हौसेने दाखवील. पाठीवर जखम दिसली, तर त्या दिवशी मुलांना पायी चालवावे.