बांधणारा वेगळा, जाळणारा वेगळा

सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये ऐन हिवाळ्यात रात्रीचा पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. तिथल्या अनेक सरकारी इमारती मात्र मैदानी प्रदेशातल्या नकाशांवर, सिमेंटच्या पातळ भिंतींनी बांधलेल्या आहेत. त्यांना ऊब देण्यासाठी बुखारीत रॉकेल वा लाकूड जाळायचे, आणि घाट बर्फाने बंद होण्यापूर्वी इंधनाचा साठा करून ठेवायचा, असा शिरस्ता पडला आहे. याचा दोष आपण निसर्गाला देतो. माझ्या मते तो आपल्या हिशेबाच्या पद्धतीचा आहे.

पर्याय नवा नाही. थंडीत पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते, कारण काही मीटर खाली जमिनीचे तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असते. विंधन छिद्रात बंद नळ्या सोडून त्यांतून न गोठणारे द्रावण फिरवायचे, आणि त्याने आणलेली उष्णता फ्रीजच्याच तत्त्वावर चालणाऱ्या पंपाने वाढवून खोल्यांत सोडायची, ही भूउष्मा पंपाची रीत. विजेच्या हीटरमध्ये एका युनिट विजेमागे एकच युनिट उष्णता मिळते. इथे साधारणपणे तीन. स्वीडनमध्ये लाखो घरे अशी उबदार राहतात. नळ्या बंद असल्याने भूजलाचा उपसाही होत नाही.

मग अडते कुठे? खोदाईमुळे सुरुवातीचा खर्च मोठा असतो. तो बांधकाम विभाग भांडवली लेखाशीर्षातून करतो. इंधनाचे बिल मात्र इमारत वापरणारे खाते दरवर्षी महसुली खर्चातून भरते. म्हणजे अंदाजपत्रक एकाचे फुगते आणि बचत दुसऱ्याची होते. असा उद्योग कोणता अभियंता आपणहून करील?

यावर ठरलेले उत्तर असे, की निविदा सर्वांत कमी दराचीच घ्यावी लागते. हे अर्धसत्य आहे. कमी दराची तुलना एकाच विनिर्देशाच्या निविदांत होते, आणि तो विनिर्देश आपणच लिहितो. सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २१ तर सांगतो, की सुज्ञ माणूस स्वतःच्या पैशाबाबत बाळगतो तीच दक्षता सार्वजनिक पैशाबाबत बाळगावी. स्वतःचे घर बांधताना पंचवीस हिवाळ्यांचे सरपण हिशेबात न धरणारा सुज्ञ कसा म्हणावा?

विजेचा आक्षेप खरा आहे, पण तो उलट बाजूने पाहावा. श्रीनगर-लेह वाहिनीने लडाख २०१९ मध्ये राष्ट्रीय ग्रीडला जोडले गेले. तीच वीज साध्या हीटरमध्ये घालवली तर तिप्पट लागेल.

अर्थात, फटीफटींतून वारा शिरणाऱ्या इमारतीला पंप बसवणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे. आधी उष्णतारोधक भिंती आणि दक्षिणेचे ऊन. लेहजवळ फे येथील सेकमॉलच्या वास्तूंनी एवढ्यानेही किती साधते ते दाखवले आहे. उरलेली गरज पंपाने भागवावी.

म्हणून माझी मागणी यंत्राची नाही, कागदाची आहे. थंड प्रदेशातील प्रत्येक सरकारी इमारतीच्या अंदाजपत्रकात पंचवीस वर्षांच्या इंधनाचा खर्च दाखवणे सक्तीचे करावे, आणि त्याखाली बांधणारा व जाळणारा, दोन्ही खात्यांच्या सह्या घ्याव्यात. एवढे झाले तरी बऱ्याच बुखाऱ्या आपोआप विझतील.