दिसणारे घर, न दिसणारे दोष

अमेरिकेत जुने घर विकत घेण्याचा व्यवहार ठरला की, अखेरच्या सह्या होण्यापूर्वी बहुधा एक तपासनीस त्या घरात येतो. छपरापासून तळघरापर्यंत तो दोन-तीन तास हिंडतो, विजेच्या पेटीचे झाकण उघडतो, स्वयंपाकघरातील व न्हाणीघरातील प्लग तपासतो आणि गॅरेजपाशी येऊन दीड इंच जाडीची एक फळी जमिनीवर आडवी ठेवतो. विजेवर चालणारे गॅरेजचे दार खाली येऊन त्या फळीला टेकले की, दोन सेकंदांच्या आत ते माघारी वर गेले पाहिजे. गेले नाही, तर अहवालात दोषाची नोंद होते. वरवर पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. परंतु त्या फळीच्या जागी एखादे मूल असू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे या चाचणीचा अर्थ उमगतो.

हे भय काल्पनिक नाही. 1982 नंतरच्या काही वर्षांत अशा दारांखाली सापडून पन्नासहून अधिक मुले दगावल्याच्या नोंदी तेथील ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाकडे झाल्या. अखेर 1990 मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि 1 जानेवारी 1993 पासून तयार होणाऱ्या घरगुती दारयंत्रांना अडथळा लागताच उलट फिरण्याची व्यवस्था आणि तिच्या जोडीला दाराखालचा किरण किंवा कडेची संवेदक पट्टी यांसारखे दुसरे संरक्षण बंधनकारक झाले. कारखानदार ही सुधारणा आपणहून करतील, याची वाट पाहत बसणे शक्य नव्हते.

विजेच्या बाबतीतही हाच अनुभव आला. फ्यूज किंवा एमसीबी माणसाचे रक्षण करते, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ती तारेचे रक्षण करते. पंधरा अँपिअरची एमसीबी पंधरा अँपिअरपर्यंत स्वस्थ बसते. माणसाचा प्राण जाण्यास मात्र अँपिअरचा काही शतांश भागही पुरतो. ही उणीव भरून काढण्यासाठी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी 1961 मध्ये एक साधन तयार केले. जाणारा व परतणारा प्रवाह यांत अवघा पाच मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडताच ते वीज तोडते. तेथील राष्ट्रीय विद्युत संहितेने हे संरक्षण 1975 मध्ये न्हाणीघरांना, 1978 मध्ये गॅरेजना आणि 1987 मध्ये स्वयंपाकघरातील मोरीजवळच्या प्लगांना लागू केले. शोध लागल्यापासून ते स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत सव्वीस वर्षे गेली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

तथापि या साऱ्या नियमांना एक मोठी मर्यादा आहे. संहिता सामान्यतः नव्या बांधकामाला आणि नव्या जोडणीला लागू होते. जुने घर बांधतेवेळच्या नियमांनुसार असले की कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटतो. 1992 मध्ये बसवलेले दार आजही चालू असेल, तर ते काढून टाकण्याची सक्ती नाही. तांबे महागले म्हणून 1965 नंतर काही वर्षे अनेक घरांत ॲल्युमिनिअमच्या तारा घातल्या गेल्या. 1972 पूर्वीच्या अशा घरांतील एखादी तरी जोडणी आग लागण्याइतकी तापण्याची शक्यता तांब्याच्या तारांच्या घरांपेक्षा 55 पट अधिक असल्याचा इशारा सुरक्षा आयोगानेच दिला आहे. तरीही त्या तारा सरसकट बदलल्या गेल्या नाहीत. जेथे नियमाचा हात पोहोचत नाही, तेथे उरतो तो केवळ तपासनिसाचा अहवाल. आणि अहवालाने दोष कळतो, दुरुस्त होत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही परिस्थिती अपरिचित नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, मालातील दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असतील, तर चांगल्या मालाला त्याची किंमत मिळत नाही व बाजारात सदोष मालच साचत जातो. या विवेचनाच्या मोलाची पावती त्यांना 2001 च्या नोबेल पारितोषिकाच्या रूपाने मिळाली. घराच्या भिंतीआडची तार ही त्या मोटारीच्या इंजिनापेक्षाही अधिक झाकलेली असते. रंग दिसतो, फरशी दिसते. अर्थिंग दिसत नाही. म्हणून रंगावर खर्च होतो आणि अर्थिंगवर होत नाही.

यावर उपाय म्हणून तपासणी खरेदीदाराच्या मर्जीवर सोडावी, असे काही जण म्हणतील. ज्याला सुरक्षितता हवी, त्याने ती पैसे देऊन विकत घ्यावी, हा त्यांचा युक्तिवाद. तो किती तकलादू आहे, हे 2021 च्या सुमारास दिसून आले. व्याजदर खाली आले, घरे थोडी आणि घेणारे फार झाले. तेव्हा आपला देकार विक्रेत्याच्या पसंतीस उतरावा म्हणून असंख्य अमेरिकी खरेदीदारांनी तपासणीचा हक्कच सोडून दिला. सुरक्षितता ही घासाघिशीची वस्तू झाली की, गरजू माणूस तीच आधी गमावतो. मॅसॅच्युसेट्स राज्याने हे ओळखले आणि खरेदीदाराने तपासणीचा हक्क सोडावा अशी अट विक्रेत्याला घालता येणार नाही, असा नियम 15 ऑक्टोबर 2025 पासून अमलात आणला.

अमेरिकेतील हा अनुभव महाराष्ट्रातील वाचकाने परकीयांची कथा म्हणून बाजूला सारू नये. आपल्याकडे गॅरेजच्या दारांचा प्रश्न नगण्य आहे, पण जुन्या सदनिकांचा नाही. पुण्यात किंवा ठाण्यात जुनी सदनिका घेणारा शिक्षक वा कारकून वकिलाकडून शोध अहवाल घेतो, सोसायटीचे ना-हरकत पत्र मिळवतो, बँकेचे कर्ज काढतो. भिंतीतील तारा किती जुन्या, अर्थिंग जिवंत आहे की नाही, गळती होताच वीज तोडणारे साधन पेटीत आहे की नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. 2016 च्या रेरा कायद्याने नव्या घरातील बांधकामाच्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे विकासकावर टाकली. हाताबदल होणाऱ्या जुन्या घराला तो आधार नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत पंधरा वर्षांनंतर संरचनात्मक तपासणी सांगितली आहे, पण तिचा रोख मुख्यतः खांब, तुळया आणि स्लॅब यांवर असतो. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. ती सारी घरातच मरतात असे नव्हे; परंतु घरातील मृत्यू टाळणे त्यांतल्या त्यात सर्वांत सोपे आहे.

तेव्हा मागणी माफक आहे. जुन्या सदनिकेच्या खरेदीखतासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा तपासणी दाखला जोडला जावा आणि गळतीरोधक साधन व चालू अर्थिंग असल्याशिवाय व्यवहार पुरा होऊ नये. याने दाखल्यांचा नवा बाजार उघडेल, ही शंका रास्त आहे. म्हणून खोटा दाखला देणाऱ्याचा परवाना रद्द करण्याची तरतूदही सोबत हवी. खर्चाची सबब मात्र टिकणारी नाही. ज्या व्यवहारात मुद्रांक शुल्कापोटीच लाखो रुपये भरले जातात, तेथे काही हजारांचे साधन परवडत नाही, असे कोणी म्हणू नये. घराचा भाव चौरस फुटावर ठरतो, त्यात राहणाऱ्यांच्या जिवाचे मोल कोणत्याच फुटात धरलेले नसते. ते व्यवहारात धरायला लावणे हे शासनाचे काम आहे, आणि शासनाला त्याची आठवण करून देणे हे नागरिकांचे.