धंद्याच्या नावाची लाज

मुसलमानांत जात नाही, असे आपण व्यासपीठावर म्हणतो. पण सोयरीक ठरवताना समोरचा पिंजारी की बागवान, हे आधी विचारतो. वरच्याने हिणवण्यापेक्षा खालच्याने ते मनातून मान्य करणे अधिक घातक. याच लाजेपोटी कित्येकांच्या वाडवडिलांनी शाळेच्या दाखल्यावर धंद्याचे नाव टाळून नुसते ‘मुसलमान’ लिहिले. जालन्याच्या शब्बीर अन्सारींच्या चळवळीनंतर 1994 साली शासनाने मुस्लिम ओबीसींच्या सवलतींचा निर्णय काढला. जातीच्या दाखल्याला 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तोच आपण पुसून बसलो होतो!

कारागीर बंधूंनो, मुलाचे नाव शाळेत घालताना बिरादरीचे नाव ताठ मानेने लिहा. व्यापारी बंधूंनो, ज्यांच्या हातांवर आपले दुकान चालते, त्यांना मजलिशीत शेजारी बसवा.