डॉक्टरांनी सांगितलेलं नाही

स्वाध्याय आटोपून मंदिराच्या पायऱ्या उतरत होते, तेवढ्यात एका वहिनींनी हात धरून बाजूला घेतलं. ‘खरं का हो? तुम्ही तो बॅले शिकायला जाता म्हणे?’ मी म्हटलं, हो, मंगळवारी आणि शुक्रवारी. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहून घेतलं आणि माझी सोय व्हावी म्हणून उत्तरही स्वतःच पुरवलं, ‘डॉक्टरांनी सांगितलं असेल. गुडघ्यांसाठी.’

आणि मी ‘हो’ म्हणाले. तेही स्वाध्यायातून बाहेर पडताना!

त्या ‘हो’ची मला रात्रभर लाज वाटली. डॉक्टरांनी काहीएक सांगितलेलं नाही. माझे गुडघे बरे आहेत. मला नाच शिकायचा होता, लहानपणापासून होता, आणि त्रेपन्नाव्या वर्षी मी तो शिकायला लागले. एवढंच वाक्य मला बोलता आलं नाही.

का नाही आलं? कारण आपल्यात बाईला काहीही करायची परवानगी आहे, फक्त चिठ्ठी लागते. साखर वाढली की फिरायला जा. कंबर धरली की योगासनं करा. गायचं असेल तर भक्तिमंडळात गा. पंचकल्याणकात पन्नाशी उलटलेल्या इंद्राणी मुकुट घालून नाचतात, तेव्हा कोणी वय विचारत नाही, उलट ओवाळतात. ते चांगलंच आहे, मीही नाचले आहे. पण ‘मला आवडतं म्हणून’ ही चिठ्ठी कुठल्याच खिडकीवर चालत नाही.

आणि गुडघ्यांचं म्हणाल, तर याच वहिनी माझ्याबरोबर गिरनारला होत्या. जवळजवळ दहा हजार पायऱ्या. शिखरजीची वंदना सत्तावीस किलोमीटरची, ती त्यांनी अनवाणी केली आहे. दशलक्षणात दहा दहा उपवास करणाऱ्या आपल्या बायका! तेव्हा कोणी म्हणत नाही, ‘या वयात?’ नाचाचं नाव काढलं की मात्र सगळ्यांना आमच्या गुडघ्यांची काळजी वाटू लागते.

बडोद्यात राहून नाचाचं वावडं असणं हेही नवलच. तंजावरची राजकन्या सयाजीराव महाराजांची राणी होऊन आली, तिच्याबरोबर तिकडच्या नर्तकी इथे आल्या. इथल्या विद्यापीठात नृत्याची पदवी मिळते. आपल्याच मुलींची अरंगेत्रम होतात, आपणच हॉल भरतो, पेढे वाटतो. मग लग्न ठरतं आणि घुंगरू माळ्यावर जातात. सुनेच्या घुंगरांचा आवाज किती घरांतून ऐकू येतो, सांगा बरं.

आता वर्गात काय चालतं ते सांगते, म्हणजे कल्पनेचे घोडे थांबतील. भिंतीलगत कमरेएवढ्या उंचीवर एक लाकडी दांडा असतो, त्याला बार म्हणतात. एक हात त्याच्यावर ठेवायचा. टाचा जुळवायच्या, चवडे बाहेर वळवायचे आणि पाठ ताठ ठेवून गुडघे सावकाश वाकवायचे. हे झालं प्लिए. पाय जमिनीवर घासत लांब न्यायचा आणि परत आणायचा, ते तांदू. पहिले दोन महिने याच्या पलीकडे फारसं काही नाही. पाय खुब्यातून वळवायचा असतो, गुडघ्यातून नाही. मी चवडे जास्त वळवून दाखवायला गेले की बाई ओरडतात, ‘काकू, खोटं नको!’ जेवढा खुबा उघडतो तेवढंच दाखवायचं. कपडे म्हणाल तर काळी लेगिंग्ज आणि माझा जुना कुर्ता. जोडे चामड्याचे असतात असं कळलं तेव्हा मी थबकले होते, पण कापडी, कॅनव्हासचेही मिळतात. तेच वापरते.

विरोधकांचं एक म्हणणं खरं आहे. सातव्या-आठव्या वर्षी सुरुवात केलेल्या मुलीसारखा माझा खुबा आता उघडणार नाही. चवड्यांच्या टोकावर मी बहुधा कधीच उभी राहणार नाही. मला नाच वाईट येतो आणि पाच वर्षांनीही बेताचाच येईल. मग काय झालं? पोळ्या बिघडवत बिघडवतच शिकलो ना आपण? तेव्हा कोणी वय काढलं नाही, कारण पोळ्या घरासाठी होत्या.

‘परदेशी खूळ’ म्हणणाऱ्यांना रुक्मिणीदेवी अरुंडेल आठवाव्यात. लग्नानंतर काही वर्षांनी त्या बॅले शिकल्या, तोही प्रख्यात नर्तकी ॲना पाव्हलोवा यांच्या चमूतल्या एका नर्तकीकडे. पाव्हलोवांनीच त्यांना आपल्या देशाचा नाच शोधायला सांगितलं. १९३५ साली, एकतिसाव्या वर्षी, त्या भरतनाट्यम घेऊन रंगमंचावर आल्या. चांगल्या घरच्या बाईने नाचावं का, हा गिल्ला तेव्हाही झाला. याच बाईंनी पुढे राज्यसभेत प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध विधेयक मांडलं आणि १९६०चा कायदा त्यातून झाला. अहिंसेचं काम आणि नाच एकाच अंगात नांदू शकतात, एवढं तरी आपल्याला पटायला हरकत नसावी.

आणि नीलांजना? ती माझ्या अंगावर हमखास टाकली जाते. नाचता नाचता ती गेली आणि आदिनाथ भगवानांना वैराग्य झालं, बघा नाचाचा शेवट! अहो, दोष आयुष्याच्या क्षणभंगुरतेचा दाखवला आहे, नाचाचा नाही. इंद्राने तिला नाचायलाच पाठवलं होतं. शिवाय लोकांना कला शिकवल्या त्या याच ऋषभदेवांनी. ब्राह्मीला लिपी दिली, सुंदरीला अंक दिले. मुलींना शिकवताना त्यांनी चिठ्ठी मागितल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याच वहिनी पुन्हा भेटल्या. ‘गुडघे कसे आहेत?’ मी म्हटलं, ‘वहिनी, गुडघे आधीपासूनच बरे होते. मी खोटं बोलले. मला नाच आवडतो म्हणून जाते.’ त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, ‘असं कोणाला सांगू नका हं.’

म्हणून इथे छापून सांगते आहे.