लेकरांच्या मेंदूतील गाठ आणि हक्काचा उपचार

सकाळी उठताच डोके दुखते, उलटी होते आणि दुपारी पोर पुन्हा खेळायला लागते. घरचे म्हणतात, पित्त झाले. पुढे चालताना तोल जातो, डोळा तिरळा होतो. मग कुणी चष्मा करून देतो, कुणी भगताकडे नेऊन अंगारा लावतो. पाठदुखी, लंगडणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही मज्जारज्जूतील गाठीची चिन्हे असू शकतात, हे सुरगाणा-पेठच्या मजुराला आणि मालेगावच्या यंत्रमाग कामगाराला सांगायचे कुणी? मुलांच्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मेंदूच्या गाठींचा क्रमांक लागतो. ब्रिटनने २०११ साली या लक्षणांची मोहीम काढली आणि निदानाला लागणारा वेळ जवळपास निम्म्यावर आणला. आपल्याकडे २०१३ पासून अंगणवाडी व शाळांत मुलांची आरोग्य तपासणी करणारी पथके फिरतात. त्यांच्या तक्त्यात ही लक्षणे ठळकपणे का नसावीत?

पण निदान ही पहिली पायरी झाली. हा रोग एकट्या डॉक्टरच्या हातचा नाही. मेड्युलोब्लास्टोमा ही लहान मेंदूतील गाठ घ्या. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे मेंदू आणि कण्याला किरणोपचार, त्यानंतर केमोथेरपी. तीन वर्षांखालील बाळाला किरणोपचार शक्यतो टाळावे लागतात. लहानगे हलू नये म्हणून रोज भूल द्यावी लागते. पुढे कान, हार्मोन, वाढ, शाळेतील अभ्यास, सगळ्यावर परिणाम होतो. म्हणून शल्यविशारद, कर्करोगतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट, फिजिओथेरपिस्ट, समुपदेशक यांनी एका टेबलावर बसून निर्णय घ्यायचा असतो.

असे टेबल परळच्या टाटा रुग्णालयात आहे. खारघरच्या त्यांच्या केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन उपचारही सुरू झाले. मात्र नाशिकहून ते दीडशे किलोमीटरच्याही पलीकडे! रोजंदारी बुडवून बाप किती फेऱ्या मारणार? मुंबईत २००६ पासून सेंट ज्यूडसारख्या संस्था अशा कुटुंबांना मोफत निवारा देतात, हे चांगलेच. पण शासनाची जबाबदारी दानशूरांच्या खांद्यावर टाकून कसे चालेल? आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून ज्या शहरात आहे, तिथे मुलाच्या मेंदूतील गाठीसाठी मुंबईचीच गाडी धरावी लागते, याचा जाब आम्ही विचारणारच.

आमची मागणी साधी आहे. शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस या मुलांसाठी असावा. टाटाच्या पुढाकाराने २०१२ साली उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमधून दूरदृश्य बैठकीत प्रत्येक केसची चर्चा व्हावी. मोठी शस्त्रक्रिया मुंबईत झाली, तरी तपासण्या, फिजिओथेरपी आणि पाठपुरावा नाशकातच व्हावा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण २०२३ च्या निर्णयाने पाच लाखांवर गेले, परंतु योजना पॅकेजवर चालते. टीमने एकत्र बसून विचार करणे कोणत्या पॅकेजात बसते?

आणि आपल्या माणसांनी नगरसेवकाची चिठ्ठी घेऊन दारोदार फिरणे थांबवावे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव आहेत. कायद्याचे कलम ४१ कक आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली त्याची योजना ठरवून दिली आहे. पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालच्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात बजावले. बाबासाहेब आणि रमाईंची चार लेकरे अकाली गेली. त्याच बाबासाहेबांनी दिलेल्या घटनेच्या २१ व्या कलमाचा अर्थ आज न्यायालये असा लावतात.

तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड तयार ठेवा. खाट नाकारली तर नकार लेखी मागा आणि धर्मादाय सहआयुक्तांकडे अर्ज करा. विहाराविहारांतून वकिलांनी हा अर्ज मोफत लिहून द्यावा.